बडोद्याच्या रनवेची टोके मोकळी राहू द्या

माननीय अध्यक्ष आणि सदस्य, वडोदरा शहरी विकास सत्तामंडळ,
माननीय महापौर, आयुक्त आणि सर्व नगरसेवक, वडोदरा महानगर सेवासदन,

सप्रेम नमस्कार.

हरणी विमानतळाच्या रनवेच्या दोन्ही टोकांपुढे सरळ रेषेत जी जमीन अजून रिकामी आहे, ती रिकामीच राहावी, एवढी एक मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे. त्या जमिनीवर शेती व्हावी, चारा उगवावा, मुलांनी क्रिकेट खेळावे. पण तिथे नव्या सोसायट्या, शाळा, दवाखाने, हॉल येऊ देऊ नका आणि विजेच्या तारा जमिनीवरून नेऊ नका. पुढची टी.पी. स्कीम, म्हणजे नगररचना योजना, आखताना हे करता येण्यासारखे आहे. एकदा प्लॉट पडले, दस्त झाले, पाया खणला गेला की मग कोणाच्याच हातात काही राहत नाही.

मी वायुसेनेतला निवृत्त इंजिन फिटर. नोकरीचा मोठा भाग अ‍ॅव्हरो विमानांच्या डार्ट इंजिनांवर गेला आणि शेवटची वर्षे इथेच, बडोद्यात. पत्र मराठीत लिहिले, कारण दांडिया बाजार, बाबाजीपुरा, कारेलीबाग, हरणी इथल्या मराठी घरांतही यावर बोलणे व्हावे असे वाटते. गुजराती प्रत आपल्या दोन्ही कार्यालयांत रीतसर देतो आहे.

बडोद्याचा आणि विमानांचा संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात बडोदा संस्थानच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 'बडोदा' हे नाव मिळाले आणि त्या नावाने स्पिटफायर उडाली. पुढे आपल्या वायुसेनेची अ‍ॅव्हरो विमाने कितीतरी वर्षे याच आकाशात दिसत राहिली. आता त्यांच्या जागी सी-२९५ ही दोन इंजिनांची लष्करी मालवाहू विमाने आली आहेत. सप्टेंबर २०२१मध्ये झालेल्या करारातल्या ५६ विमानांपैकी १६ स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार होऊन येणार आणि ४० आपल्या गावात जोडली जाणार असे ठरले. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी विमानतळाजवळच्या त्या कारखान्याचे उद्घाटन झाले तेव्हा दोन देशांचे पंतप्रधान इथे होते. भारतात खासगी कारखान्यात लष्करी विमान संपूर्ण जोडण्याची ही पहिली वेळ. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. हे पत्र कारखान्याच्या विरोधात नाही. कारखाना नीट चालावा, त्यात बनलेले विमान आणि ते उडवणारी माणसे सुखरूप परत यावीत, म्हणूनच लिहितो आहे.

कारखाना आला याचा अर्थ बडोदे आता चाचणी उड्डाणांचे गाव झाले. आजवर इथे जी विमाने येत-जात होती ती हजारो तास उडून झालेली. कारखान्यातून बाहेर पडणारे विमान तसे नसते. त्याचा नमुना जगभर सिद्ध झालेला असेल, पण हे जे एक विमान समोर उभे आहे, त्यातली ही वायर, हा पंप, ही टाकी, हे सॉफ्टवेअर आजवर एकदाही हवेत गेलेले नसते. जमिनीवर इंजिन कितीही चालवून पाहिले तरी ते जमिनीवरचे चालणे. म्हणून प्रत्येक नवे विमान ग्राहकाच्या ताब्यात देण्याआधी चाचणी वैमानिक ते वर नेतो. एकाहून अधिक इंजिने असलेल्या विमानात पुरेशा उंचीवर एक इंजिन मुद्दाम बंद करून, ते हवेत पुन्हा पेटते की नाही हेही पाहतात. आम्ही त्याला रीलाइट म्हणतो. म्हणजे इंजिन बंद पडणे हे इतरांसाठी संकट, आणि या माणसांसाठी रोजच्या कामाचा भाग.

मुद्दाम बंद केलेल्या इंजिनाला उंची असते, तयारी असते. आपणहून बंद पडणारे इंजिन मात्र वेळ विचारून पडत नाही.

आता एक जुनी हकिकत सांगतो, कारण माझी सगळी मागणी तिच्यात आहे. १७ नोव्हेंबर १९५४. इंग्लंडमध्ये फेअरी डेल्टा-२ नावाचे त्रिकोणी पंखांचे, एका इंजिनाचे प्रायोगिक विमान घेऊन पीटर ट्विस हे चाचणी वैमानिक वर गेले होते. विमान सहा आठवड्यांपूर्वीच पहिल्यांदा उडालेले. ३०,००० फुटांच्या आसपास असताना विमानाच्या धडात दाब साठत गेला, त्या दाबाने इंधन गोळा करणारी टाकी चेपली आणि इंजिनाला जाणारे इंधन तुटले. इंजिन बंद. बॉस्कम डाउनचा विमानतळ सुमारे तीस मैलांवर, खाली ढग. त्या विमानाचे सगळे कंट्रोल हायड्रॉलिक दाबावर चालत. हाताच्या जोरावर हलवता येतील असे काही नव्हतेच. म्हणजे इंजिनासोबत दाबही जात राहणार, आणि तो संपला की स्टिक नुसती धरून बसायची. बाहेर उडी मारायला इजेक्शन सीट होती. तरीही ट्विस बसून राहिले. विमान घसरत घसरत ढगांखाली आणले, विमानतळ गाठला आणि उतरवले. चाकांपैकी फक्त पुढचे चाक बाहेर आले होते, बाकीचे विमान पोटावर घासत गेले.

ते का बसून राहिले, हा प्रश्न मला कोणी विचारला तर मी एकच उत्तर देईन. प्रायोगिक विमानाचे इंजिन का बंद पडले याचे उत्तर त्या विमानातच असते. ते मोडून जळून गेले तर कारण अंदाजाने शोधावे लागते, आणि अंदाज चुकला तर पुढच्या वैमानिकावर तीच वेळ येते. ट्विस यांनी विमान परत आणले म्हणून चेपलेली टाकी हाताने दाखवता आली. दुरुस्ती होऊन पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ते पुन्हा उडू लागले. १० मार्च १९५६ रोजी त्याच विमानाने, त्याच वैमानिकाने ताशी १,१३२ मैल, म्हणजे सुमारे १,८२२ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला. हजार मैलांच्या पुढचा तो पहिला विक्रम. पुढे त्याच विमानाला नवे पंख बसवून १९६४पासून त्यावर काँकॉर्ड या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाच्या पंखांचा अभ्यास झाला. एक विमान जमिनीवर नीट टेकले, त्यातून एवढे सगळे निघाले.

ट्विस यांचे कौशल्य होतेच, त्याबद्दल त्यांना राणीकडून गौरवही मिळाला. पण बॉस्कम डाउन कुठे आहे तेही पाहा. ते सॅलिसबरीच्या माळावर आहे. चहूकडे गवताळ मोकळी जमीन. ढगातून बाहेर पडल्यावर विमान थोडे इकडे-तिकडे पडले असते तरी खाली माळ होता. चाचण्यांसाठी अशी जागा निवडणाऱ्यांनी त्या दिवसाचा अर्धा निर्णय आधीच घेऊन ठेवला होता. उरलेला अर्धा ट्विस यांनी घेतला.

आता आपल्या कारखान्याशी थेट नाते असलेली घटना. आपली पहिली सोळा सी-२९५ जिथे जोडली गेली, त्या सेव्हिलच्या सान पाब्लो विमानतळावरून ९ मे २०१५ रोजी ए-४००एम जातीचे नवे कोरे लष्करी मालवाहू विमान पहिल्या उड्डाणाला निघाले. चार इंजिनांचे टर्बोप्रॉप, म्हणजे जेट इंजिनाने प्रोपेलर फिरवणारे, तुर्कस्तानच्या हवाई दलासाठी बनवलेले. उडाल्यावर थोड्याच वेळात चारपैकी तीन इंजिनांनी वैमानिकांचे ऐकणे बंद केले. कारण यांत्रिक नव्हते. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मोजण्यासाठी लागणारी आकडेवारी सॉफ्टवेअर भरताना त्या तीन इंजिनांच्या संगणकांतून पुसली गेली होती, आणि जमिनीवर असेपर्यंत वैमानिकांना त्याचा इशारा मिळाला नव्हता. त्यांनी विमान परत वळवले, विमानतळाच्या उत्तरेला एका शेतात उतरवण्याचा प्रयत्न केला. तिथे ते विजेच्या तारांना धडकले आणि पेटले. सहापैकी चौघे गेले, दोघे वाचले.

ही हकिकत मी पुन्हा पुन्हा वाचली आहे आणि दर वेळी त्या तारांपाशी थांबतो. शेत होते. वैमानिकांनी ते गाठले होते. तारा नसत्या तर सगळे वाचले असते असे मी म्हणणार नाही, ते कोणीच म्हणू शकत नाही. पण उतरण्यासाठी जे एक मैदान हाती लागले, त्यात तारा होत्या. म्हणून माझ्या मागणीत इमारतींइतकाच तारांचा उल्लेख आहे. वीज कंपनीला रनवेच्या टोकांपुढचा पट्टा भूमिगत केबलने ओलांडायला सांगणे खर्चिक आहे, अशक्य नाही.

'चार इंजिनांच्या विमानात तीन बंद पडू शकतात' हे वाक्य आमच्या काळात कोणी म्हटले असते तर आम्ही हसलो असतो. एका इंजिनात बिघाड झाला तर तो त्या इंजिनाचा, असे आम्ही धरून चालायचो. उडण्याआधी फॉर्म ७००वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, सही करताना डावे आणि उजवे इंजिन ही आमच्यासाठी दोन वेगळी खाती असायची. आता सगळ्या इंजिनांत एकच सॉफ्टवेअर भरले जाते, त्यामुळे एकच चूक सगळीकडे एकदम पोचू शकते. सेव्हिलनंतर विमान बनवणाऱ्यांनी त्यातून धडे घेतले असणार. तरी 'सी-२९५ला दोन इंजिने आहेत, एक बंद पडले तर दुसऱ्यावर येईल' एवढ्यावर आपल्याला निर्धास्त राहता येणार नाही. बहुतेक वेळा दुसऱ्यावर येईलच, विमान त्यासाठीच बनवलेले आहे. आपण नियोजन करतो ते उरलेल्या वेळेसाठी.

वैमानिक नसलेल्या वाचकासाठी थोडे खुलासेवार सांगतो. इंजिन बंद पडलेले विमान दगडासारखे खाली येत नाही, ते तरंगत येते. किती अंतर तरंगेल हे विमानावर अवलंबून असते. हिशेबासाठी एकास दहा धरा. म्हणजे १५० मीटर उंचीवर इंजिन गेले तर सरळ दीड किलोमीटर, ३०० मीटरवर गेले तर तीन किलोमीटर. हे सरळ गेले तर. वळले की उंची झपाट्याने जाते. टेक-ऑफनंतर कमी उंचीवर सगळी ताकद गेली तर परत रनवेकडे वळू नका, नाक खाली करा, वेग सांभाळा आणि समोर, फार तर थोडे डावीकडे-उजवीकडे, जे मोकळे दिसेल तिथे उतरा, हे प्रत्येक वैमानिकाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. परत वळण्याच्या मोहात कितीतरी चांगली माणसे गेली आहेत. म्हणून रनवेच्या टोकापुढची दीड-दोन-तीन किलोमीटर जमीन ही जगातली सगळ्यात महत्त्वाची जमीन असते. डावी-उजवी बाजू नाही, नाकासमोरची. वैमानिकाकडे ती शोधायला एखादा मिनिट असतो, कधी तेवढाही नसतो. त्यात प्रोपेलर फेदर करायचा, म्हणजे पाती वाऱ्याच्या रेषेत फिरवायची, नाहीतर थांबलेले इंजिनच विमानाला मागे ओढते. इंधन तोडायचे, इंजिन पुन्हा पेटवून पाहायचे, रेडिओवर सांगायचे. आणि हे सगळे करताना खिडकीतून जमीन निवडायची.

अहमदाबाद आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. १२ जून २०२५ची दुपार गुजरातमध्ये कोणी विसरणार नाही. एअर इंडियाचे लंडनला निघालेले विमान टेक-ऑफनंतर सुमारे अर्ध्या मिनिटात मेघाणीनगरमधल्या मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाला होता हे प्राथमिक अहवालात आले आहे. तो का झाला यावर मी एक अक्षरही लिहिणार नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्यासाठी ते काम तपास करणाऱ्यांनीच करावे. मी फक्त जमिनीबद्दल बोलतो आहे. अर्ध्या मिनिटात विमान कुठेही पडो, ते नाकासमोरच पडणार होते. नाकासमोर जेवणाच्या वेळेला भरलेला मेस होता. तिथे माळ असता तर विमानातल्या किती जणांचे काय झाले असते ते मला सांगता येणार नाही. जमिनीवरचे एकोणीस जण मात्र आज घरी असते.

तुम्ही म्हणाल, विमानतळाभोवती बांधकामाला नियम आहेत. आहेत, आणि त्यांचा आदर ठेवून सांगतो की ते वेगळ्या गोष्टीचे नियम आहेत. विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत नकाशा कुठे किती उंच बांधता येईल ते सांगतो. उंचीची मर्यादा पाळून, ना-हरकत दाखला घेऊन, टोकापुढे शे-दीडशे घरांची बैठी सोसायटी उभी राहिली तर ती कागदोपत्री निर्दोष. विमान इमारतीला धडकू नये एवढे त्या नकाशाला ठाऊक आहे. खाली किती माणसे राहतात, हा प्रश्न तो विचारत नाही. रनवेच्या टोकाला सुरक्षित पट्टा ठेवावा लागतो, तो किमान ९० मीटर आणि शिफारस २४० मीटरची. धावपट्टीवरून घसरलेल्या विमानासाठी तो पुरतो. तरंगत येणाऱ्या विमानासाठी तो काहीच नाही.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न विचारला आहे. ब्रिटनमध्ये १९५८पासून विमानतळांच्या टोकांपुढे 'सार्वजनिक सुरक्षा क्षेत्र' आखून तिथे नव्या वस्तीला मनाई केली जाते. अमेरिकेत लष्करी विमानतळांच्या टोकाला ३,००० फूट रुंद पट्टा असतो. त्यातला पहिला ३,००० फुटांचा भाग पूर्ण रिकामा. त्यापुढे ५,००० फूट घरे नकोत, शेती-गोदामे चालतील. त्यापुढे आणखी ७,००० फूट अगदी विरळ वस्ती. म्हणजे टोकापासून सुमारे साडेचार किलोमीटरपर्यंत कोण कुठे राहील याचा विचार. हे आकडे जसेच्या तसे बडोद्याला लावा असे मी म्हणत नाही. आपली जमीन, आपली लोकसंख्या वेगळी. पण शून्य हा आकडा आपल्यालाही लागू नये.

आपल्याकडेही जाणते लोक मोकळ्या जागेची किंमत ओळखतात. मे २०२२मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेच्या हंसा-एनजी या छोट्या विमानाची इंजिन बंद करून हवेत पुन्हा पेटवण्याची चाचणी झाली, ती बंगळूरवर नाही. विमान चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चल्लकेरे इथे, संरक्षण संशोधन संस्थेच्या मोकळ्या चाचणी क्षेत्रावर नेले. त्याआधी ६ मार्च २००९ रोजी त्याच प्रयोगशाळेच्या सारस विमानाचा दुसरा नमुना अशाच रीलाइट चाचणीत बिडदीजवळ कोसळला होता. विंग कमांडर प्रवीण कोटेकोप्पा, विंग कमांडर दीपेश शाह आणि स्क्वाड्रन लीडर इळयराजा तिघेही गेले. इंजिन पुन्हा पेटवण्याची ठरवून दिलेली पद्धत चुकीची होती आणि ती पुरेशा उंचीवर केली गेली नाही, असे चौकशीत निघाले. सारसचा पुढचा नमुना हवेत जायला २०१८ उजाडले. तीन घरांचे जे गेले ते तर कुठल्याच वर्षी परत येणार नव्हते.

बंगळूरचे नाव काढले म्हणून ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या देशातल्या पहिल्या लढाऊ जेटचे, एचएफ-२४ मारुतचे, पहिले उड्डाण त्यांनी १९६१मध्ये केले. त्याआधी १९५९मध्ये मारुतच्या आकाराचा पूर्ण लाकडी ग्लायडर बनवून तो दुसऱ्या विमानाने ओढून वर नेला होता आणि दास यांनी तो इंजिनाशिवाय उतरवून विमानाचा स्वभाव पारखला होता. इंजिन बसवण्याआधीच इंजिनाशिवाय उतरायला शिकलेले विमान! त्या काळातली ती शिस्त मला आजही थक्क करते. १० जानेवारी १९७० रोजी मारुतच्या नव्या नमुन्याच्या चाचणीत टेक-ऑफनंतर लगेच विमान कोसळून दास गेले. बंगळूरच्या जुन्या विमानतळाजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. एके काळी तो विमानतळ शहराबाहेर होता. आज त्याच्या चारी बाजूंना शहर आहे, आणि चाचणी उड्डाणे अजून तिथूनच होतात. बंगळूर मागे जाऊ शकत नाही. बडोद्याला अजून थोडी संधी आहे.

थोडी म्हणतो, कारण अर्धी गेली आहे. आपला रनवे ईशान्य-नैऋत्य पसरलेला आहे, लांबी सुमारे अडीच किलोमीटर. नैऋत्येच्या टोकापुढे शहर आहे, तिथे आता फार काही करता येणार नाही. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर आपल्याकडे वारा नैऋत्येचा असतो, आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते. म्हणजे वर्षाचा मोठा काळ टेक-ऑफची दिशा शहराकडेच. यावर एक विनंती विमानतळ चालवणाऱ्यांना आणि कारखान्यालाही आहे. नव्या विमानाचे पहिले उड्डाण, जेव्हा वारा मंद असेल तेव्हा, ईशान्येच्या दिशेने करावे. हायवेपलीकडची शेते तिकडे आहेत. सकाळी वारा पडलेला असतो, दिवस निवडण्याची मुभा असते. प्रवासी विमानाला वेळापत्रक असते, चाचणी उड्डाणाला थांबता येते.

पण ईशान्येकडची शेते शेते राहिली तरच या सूचनेला अर्थ. म्हणून पुन्हा आपल्याकडे येतो. शहर तिकडेच वाढते आहे हे मला दिसते. जमीनमालक शेतकऱ्याला 'तू बांधू नको' एवढेच सांगणे अन्याय आहे, आणि अशी मागणी मी करणार नाही. इथे गुजरातची टी.पी. स्कीम कामाची आहे. १९७६च्या कायद्याने आपण सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरतो, रस्ते, बगीचे, शाळा, दवाखाने यांसाठी हिस्सा काढतो आणि प्रत्येकाला नवा अंतिम खंड देतो. तो खंड मूळ जागीच द्यावा असे बंधन नाही. मग रनवेच्या रेषेतला पट्टा बगिच्याच्या, मैदानाच्या, मोकळ्या जागेच्या हिश्श्यात बसवावा आणि त्या पट्ट्यातल्या मालकांना स्कीममध्येच बाजूला खंड द्यावेत. मोकळ्या जागेचा हिस्सा नाहीतरी काढायचाच असतो. आज तो स्कीमभर तुकड्या-तुकड्यांत विखुरतो, कुठे कोपऱ्यात, कुठे ट्रान्सफॉर्मरच्या मागे. तो एका रेषेत आणला तर मुलांना मोठे मैदान मिळेल आणि वैमानिकाला जमीन. स्कीमचा हिस्सा पुरणार नाही हे मला कळते. उरलेल्यासाठी राज्य सरकारकडे आणि संरक्षण मंत्रालयाकडे नुकसानभरपाई मागावी लागेल. ती मागणी आपण केलीत तर तिला वजन येईल, माझ्यासारख्याने केली तर फाइल होईल.

मैदान असेल तर त्यात फ्लडलाइटचे खांब नकोत, उंच कुंपण नको, काँक्रीटचे प्रेक्षागृह नको. दाट मोठी झाडेही नकोत, हे झाडांवर प्रेम करणाऱ्या या शहरात लिहिताना जड जाते. खोल नाले बांधायचे झाले तर ते रनवेच्या रेषेला आडवे नसावेत. अग्निशमनाची गाडी पावसाळ्यातही आत जाऊ शकेल असा एक पक्का रस्ता बाजूने असावा आणि त्याच्या फाटकाची किल्ली कोणाकडे आहे ते हरणीच्या फायर स्टाफला पाठ असावे. अपघातात पहिली दोन-तीन मिनिटे जगण्याची असतात. कुलूप तोडण्यात ती जाऊ नयेत. कचऱ्याचेही बोलून टाकतो. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरे कापायला विमान नियमांतल्या ९१व्या नियमाने बंदी आहे. घारी कचऱ्यावर येतात, आणि इंजिनात शिरलेली एक घार सगळ्या कारखान्याचे कष्ट संपवू शकते. नवा नियम करायची गरज नाही, आहे तो पाळायचा आहे.

'होण्याची शक्यता किती?' असे एका ओळखीच्या अधिकाऱ्याने मला विचारले. कमी. फार कमी. तसे झाले नाही तर आपल्याकडे एक लांबच लांब मैदान उरेल. शहराला त्याचे काही ओझे होणार नाही. झाले, तर त्या वेळी कोणालाच फोन करून जमीन मोकळी करता येणार नाही.

मी सही करून वर पाठवलेल्या विमानाची वाट पाहणे म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना माहीत आहे. विमान डोळ्यांआड होते, मग नुसता आवाज, मग तोही नाही. पाना पुसत उभे राहायचे. उशीर झाला की कोणी कोणाशी बोलत नाही. आता बडोद्याच्या कारखान्यातली तरुण मुले-मुली, आपल्याच आयटीआयमधून शिकलेली, आपल्याच गल्लीत वाढलेली, तशी उभी राहतील. त्यांनी आपले काम चोख करायचे, वैमानिकाने आपले. जमिनीचे काम तुमचे आहे, ते दुसरे कोणी करू शकत नाही.

ईशान्येच्या टोकाकडची पुढची टी.पी. स्कीम मसुद्याच्या पायरीवर असतानाच ही मागणी तिच्यात घ्यावी आणि मालकांच्या सभेत विमानतळाच्या व वायुसेनेच्या अधिकाऱ्यांना बोलवावे. आम्ही काही निवृत्त फिटर, एअरफ्रेमवाले, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे काम करणारे, आणि एक निवृत्त फ्लाइट इंजिनिअर मिळून मोजमापासह नकाशा तयार करतो आहोत. आपण दिवस कळवलात की तो घेऊन कार्यालयात येऊ. सर्व्हे नंबरांवर बोलायला आमच्यातले दोघे शेतकरी घरांतलेच आहेत, त्यांच्या जमिनीही त्याच पट्ट्यात आहेत आणि त्यांची या मागणीला संमती आहे.

आपला,
वायुसेनेतला एक निवृत्त इंजिन फिटर
हरणी, बडोदे